फ्लोट

“फ्लोट म्हणजे शिगम्यांत आसता तो?”

माझ्या लेकीच्या, बायच्या, आजीनं हे विचारलं तेव्हा आम्ही तिघं लॅपटॉपला चिकटून बसलो होतो. मे संपत आला होता, पण पाऊस कधीचाच लागला होता. त्या वर्षी, म्हणजे 2025 ला, मान्सून 24 मेलाच केरळात उतरला आणि दोन दिवसांत आमच्या अंगणात. लाईट एकदा जाऊन आली होती. आमचे हे वीज खात्यात, त्यामुळे लाईट गेली की अर्ध्या वाड्याचे फोन आमच्याच घरी येतात. त्या संध्याकाळी ह्यांनी फोन बंद करून ठेवला होता. लग्नाला वीस वर्षं झाली, असं मी पहिल्यांदा पाहिलं.

पडद्यावर बायच्या लॉच्या प्रवेशाचं पान होतं आणि त्यावर तीन बटणं. फ्रीझ, फ्लोट, एक्झिट.

गोव्यात फ्लोट म्हटलं की चित्ररथच. कार्निव्हलचा असो नाहीतर शिगम्याचा. ढोलताशांच्या रोमटामेळाच्या मागून ट्रकवर पुठ्ठ्याचा रावण येतो, थर्माकोलची मान हलवत. फोंड्याच्या मिरवणुकीत आजी दरवर्षी रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसते. तिला मी समजावलं, हा फ्लोट वेगळा. मिळालेली जागा हातात धरून ठेवायची आणि याहून वरची मिळते का ते बघायचं.

“म्हणजे ट्रक फुडें वता, आनी आमी वयर बसप,” आजी म्हणाली.

आम्ही हसलो. सकाळपासून घरात कोणी हसलं नव्हतं. हसण्याच्या भरात मी काय दाबलं ते पुढे सांगेन, आधी थोडं मागे जाते.

आमच्या घरात कोणी वकील नाही, पण कोर्टाची एक फाईल आहे. लाल कापडात बांधलेली, देवघराच्या वरच्या फळीवर. ह्यांचे आजोबा भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, माडांवर लक्ष ठेवायला या जागेत राहिले, म्हणजे मुंडकार. 1975 साली गोव्यात मुंडकारांना घरातून काढता येऊ नये म्हणून कायदा झाला. राहत्या घराची जागा विकत घ्यायचा हक्कही त्यात आला, पंचायतीच्या हद्दीत 300 चौरस मीटरपर्यंत. माझ्या सासऱ्यांनी मामलेदारापुढे केस घातली. भाटकार वारला. त्याची मुलं, मुलांची मुलं, कोणी मुंबईत, कोणी लिस्बनला. प्रत्येकाला नोटीस लागायची, प्रत्येक नोटिशीबरोबर आणखी एक वारस सापडायचा. सासरे गेले. आता केस आजीच्या नावावर आहे. आजीला वाचता येतं, पण ती फाईल वाचत नाही. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी सफाई करताना खाली काढते, पुसते, परत ठेवते.

बायनं दहावीला असताना जाहीर केलं की मी लॉ करणार. आजीला वाटलं फाईलसाठी. मला वाटलं वक्तृत्व स्पर्धेतल्या बक्षिसांमुळे. खरं कारण मी विचारलं नाही. हे वाक्य लिहून बराच वेळ थांबले, कारण पुढे जे झालं त्याची मुळी इथंच आहे.

क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशाची, परीक्षा 1 डिसेंबर 2024 ला होती, रविवारी, दुपारी दोन ते चार. जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनाची गर्दी सुरू होती. दहा वर्षांनी येणारा सोहळा आणि त्यात नोव्हेनाच्या प्रार्थनांचे दिवस, त्यामुळे आम्ही घरून साडेदहालाच निघालो आणि केंद्रावर दोन तास आधी पोचून गाडीत बसून चपात्या खाल्ल्या. दोन तासांत 120 प्रश्न. इंग्रजी, चालू घडामोडी, कायद्याचा तर्क, साधा तर्क आणि थोडं गणित. प्रत्येक उताऱ्यावर चार-सहा प्रश्न, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. गाइड पाठ करून सुटणारी ही परीक्षा नाही. वाचायला लागतं, तेही घड्याळाकडे न बघता घड्याळाच्या वेगानं. बाय बाहेर आली ती एवढंच म्हणाली, “कायद्याचा भाग मस्त होता, गणितात मी तुझी लेक नाही.”

मी फोंड्यातल्या एका पतसंस्थेत हिशेब बघते. आकडे हा माझा पिंड. निकाल आठवड्यात लागला, रँक हजार ओलांडून थोडी पुढे होती, आणि त्या रात्रीच मी एक्सेल उघडलं.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी. देशातल्या बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांचं काउन्सेलिंग एकत्र होतं. दिल्लीचं तेवढं वेगळं, त्यांची परीक्षाच निराळी. बाकी बंगळुरूपासून शिलाँगपर्यंत सगळी एका यादीत. काउन्सेलिंग हा शब्दच मला आधी फसवून गेला. मला वाटलं कोणीतरी समोर बसवून मुलीला समजावेल, तिला काय आवडतं विचारेल. तसं काही नाही. वेबसाइटवर नोंदणी करायची, खुल्या वर्गाला तीस हजार भरायचे आणि विद्यापीठांची नावं आपल्या पसंतीच्या क्रमानं लावायची. समोर कोणी नसतं. मुदत संपली की क्रमाला हात लावता येत नाही.

माझी पहिली चूक छान होती. गेल्या वर्षीचे क्लोजिंग रँक, म्हणजे कुठल्या रँकपर्यंत जागा मिळाली ते आकडे, डाउनलोड केले आणि मुंबई, नागपूर, संभाजीनगर या महाराष्ट्रातल्या तिन्ही विद्यापीठांचे आकडे बघून जीव हरखला. आपली बाय सहज बसतेय की! ह्यांना उठवलं. चहा केला. मग लक्षात आलं, मी बघत होते तो महाराष्ट्राच्या रहिवाशांचा रकाना होता. रहिवाशांसाठी वेगळ्या जागा असतात आणि त्यांचा क्लोजिंग रँक बराच सैल असतो. आम्ही घरात मराठी वर्तमानपत्र घेतो, देवघरात आरत्या मराठी, बायची सगळी बक्षिसं मराठी वक्तृत्वाची. पण रहिवासी दाखला गोव्याचा, पंधरा वर्षांचा, मामलेदाराच्या सहीचा. त्या रकान्यात आम्ही कोणी नव्हतो. चहा मात्र दोघांनी पूर्ण प्यायलो.

दुसरी चूक समजुतीची होती. मला वाटायचं, न मिळणारं नाव वर लिहिलं तर मिळणारं हातचं जाईल. म्हणून बंगळुरू, हैदराबाद, कोलकाता ही नावं मी यादीतून काढूनच टाकली होती. बायनं ती परत घातली. तिनं मला देवळातल्या पंगतीचं उदाहरण दिलं, ते इथं देते, कारण काउन्सेलिंगला बसलेल्या कितीतरी आईबापांना मी याच गैरसमजात बघितलं आहे. रांगेत पहिला उभा आहे त्याला पहिल्यांदा विचारतात, तुला कुठं बसायचंय. तो आपली यादी वरून वाचतो, जिथं पाट रिकामा आहे तिथं बसतो. मग दुसरा. तुझी पाळी येईल तेव्हा तुझी यादी वरून वाचली जाईल. वरचे पाट भरलेले असले तर पुढचं नाव. वर लिहिलंस म्हणून तुला कोणी शिक्षा करत नाही. फक्त जिथं मुळीच बसायचं नाही ते नाव लिहायचं नाही, आणि जे जास्त आवडतं ते कमी आवडत्याच्या वर लिहायचं. यंत्राला एवढंच कळतं.

“म्हणजे खरं लिहायचं,” ती म्हणाली.

मी मान डोलावली आणि एक्सेलमध्ये नवीन रकाना घातला. एनआयआरएफचा, म्हणजे सरकारी क्रमवारीतला, क्रम. मग फी, जी बहुतेक ठिकाणी वसतिगृह धरून वर्षाला दोन ते चार लाखांच्या घरात जाते. मग स्थापनेचं साल, कारण जुनं ते चांगलं असं एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं होतं. मग नोकऱ्यांचा रकाना, त्यातले आकडे कुठून आणले ते विचारू नका. शेवटी या सगळ्यांना वजन देऊन एक बेरीज. बेरजेप्रमाणे सॉर्ट. त्यात पतियाळा तेराव्या नंबरवर आलं आणि कोची पंधराव्या. चौदाव्यावर पाटणा. ही यादी बायनं बघितली, दोनचार ठिकाणी माऊस फिरवला आणि म्हणाली, “ठीक आहे.” मी नोंदणी करून पैसे भरले. पहिली यादी 26 डिसेंबरला लागणार होती.

मग काही मुलं कोर्टात गेली.

उत्तरतालिकेतली काही उत्तरं चुकीची आहेत असं त्यांचं म्हणणं होतं. 20 डिसेंबरला दिल्ली उच्च न्यायालयानं दोन प्रश्नांबाबत ते मान्य केलं आणि काउन्सेलिंग थांबलं. इतर राज्यांतल्या उच्च न्यायालयांतही याचिका होत्या. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं त्या सगळ्या दिल्लीला पाठवल्या. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. बायनं बारावीचे पेपर दिले, मार्चअखेर बोर्डाचा निकालही लागला, आणि डिसेंबरातल्या परीक्षेची रँक मात्र अजून कच्चीच.

ते महिने घराला बरे गेले नाहीत, पण बायला गेले. ती निकालपत्रं वाचायला लागली. पहिल्यांदा डिक्शनरी घेऊन, मग नुसतीच. रात्री जेवताना आम्हाला सांगायची, की उत्तर चूक आहे हे ठरवायला न्यायाधीशांनी तज्ज्ञांवर किती विसंबायचं, आणि कधी स्वतः वाचून बघायचं. “आई, माझ्या पेपरवर वकील भांडताहेत,” हे ती असं सांगायची जसं कोणी म्हणावं की आमच्या अंगणात शूटिंग चाललंय. एक प्रश्न तिचा बरोबर होता तो चूक ठरायची शक्यता होती, एक चूक होता तो बरोबर. तिनं दोन्हींसाठी युक्तिवाद तयार केले होते. आजीला ती ते ऐकवायची. आजी विचारायची, “आनी भाटकार खंय?” आजीच्या लेखी कोर्टात एक बाजू कायम भाटकाराची असते.

23 एप्रिलला दिल्लीच्या खंडपीठाचा निर्णय आला, त्यावर पुन्हा अपील, आणि 7 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं शेवट केला. न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन मसीह यांचं पीठ. काही उत्तरं दुरुस्त, काही प्रश्न वगळा, नवीन निकाल लावा. प्रश्न काढण्यातल्या हलगर्जीपणाबद्दल न्यायालयानं खंतही व्यक्त केली. गवई त्यानंतर आठवड्याभरात सरन्यायाधीश झाले. बाय त्याला आपल्याच कुटुंबातली बढती समजत होती. सुधारित निकालात तिची रँक थोडी घसरली. ती म्हणाली, “बरोबर आहे, ते उत्तर माझं चूकच होतं.” मला तेव्हा तिचा राग आला होता. आता नाही येत.

या पाच महिन्यांत सल्ले देणाऱ्यांची पंगत बसली होती. एक म्हणे पुण्याला पाठवा, आयएलएससारखं कॉलेज नाही. त्यासाठी महाराष्ट्राची वेगळी सीईटी लागते हे सांगितल्यावर म्हणे, मग ती द्या. एकानं फोन करून मॅनेजमेंट कोट्यातून राष्ट्रीय विद्यापीठात सीट करून देतो म्हटलं, नाव नाही, गाव नाही, फक्त मोठ्या माणसांच्या ओळखी. त्याला ह्यांनी वीज खात्याच्या भाषेत उत्तर दिलं.

सगळ्यात खरा सल्ला ह्यांचाच होता, आणि तो मी सगळ्यात कमी ऐकला. ह्यांचं म्हणणं मिरामारला साळगावकर लॉ कॉलेज आहे, 1973 पासूनचं. गोव्यातले कितीतरी वकील आणि न्यायाधीश तिथून झाले. कदंबा बस दारातून जाते. आणि गोव्याचा कायदा गोव्यातच शिकावा. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आमच्याकडे अजून 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा चालतो, 1870 पासून. लेकीचा वाटा लेकाइतकाच. लग्न झालं की दोघांची मालमत्ता एकत्र, वेगळा करार केला नसेल तर. बापाला मुलांना डावलून अर्ध्यापेक्षा जास्त मृत्युपत्रानं देता येत नाही. वारसांची वाटणी म्हणजे इन्व्हेंटरी, हा शब्द आमच्या गावात दुकानदारापेक्षा भावाभावांच्या तोंडी जास्त. 2012 साली वारसा, नोटरी आणि इन्व्हेंटरीसाठी नवीन कायदा झाला, तो 2016 च्या डिसेंबरात लागू झाला, पण त्याचा सांगाडा तोच. हे सगळं पतियाळ्याला कोण शिकवणार?

मी म्हटलं, ते इथं आल्यावर शिकेल. मोठ्या विद्यापीठाचं नाव नंतर चिकटवता येत नाही.

मी असं म्हणाले. माझ्या मनात ‘नाव’ होतं.

तर मेअखेरची ती संध्याकाळ. पहिली यादी लागली. बायला कोची मिळालं.

तिनं पडद्यावर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहू दिलं. मग म्हणाली, “आई, फ्रीझ करूया?”

फ्रीझ म्हणजे हीच जागा पक्की, पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. फ्लोट म्हणजे जागा धरून पुढच्या फेरीत थांबायचं, यादीत हिच्या वर लिहिलेलं काही रिकामं झालं तर तिकडे सरकायचं. एक्झिट म्हणजे सगळंच सोडून द्यायचं.

मी म्हटलं, “फ्लोटला आपलं काय जातंय? हातचं तर राहतंय.”

पतसंस्थेत मी रोज लोकांना समजावते की कागद वाचून सही करा. आणि इथं मी सूचनांचं ते एक वाक्य वाचलं होतं, डोळ्यांनी वाचलं होतं: वरची जागा मिळाली की आधीची आपोआप जाते. विचारत नाहीत. हातचं तेवढाच वेळ राहतं, जोवर वरचं मिळत नाही. आणि ‘वरचं’ काय हे ठरवणारा माझा सॉर्ट केलेला रकाना होता. तेवढ्यात आजीनं शिगम्याचा प्रश्न विचारला, आम्ही हसलो आणि मी फ्लोट दाबलं.

बायनं आडवं घेतलं नाही. ती तशी मुलगी नाही. पुढचे आठ-दहा दिवस मात्र तिनं कोचीची तयारी केली. नेत्रावती एक्सप्रेसचं वेळापत्रक काढलं. मडगावला बसलं की एका रात्रीत एर्नाकुलम. फोनवर मल्याळम अक्षरं गिरवायला लागली. “ळ त्यांच्याकडे पण आहे, आई, आणि ते आपल्यासारखाच म्हणतात.” कुठल्यातरी व्हिडिओत तिनं तिथल्या वसतिगृहाच्या गॅलरीतून पाऊस बघितला होता आणि तो आमच्या पावसासारखाच होता, आडवा. आजीला तिनं सांगितलं, तिथंही नारळ घालूनच रांधतात. समुद्रावरच्या कायद्याबद्दल वाचलेलं काहीतरी सांगत होती, जहाजं, बंदरं. मी ऐकत होते. आपल्या लेकीला काय हवं आहे हे कळायला मला यादी भरून सहा महिने जावे लागले. तिनं कधी तसं ‘सांगितलं’ नाही. मी तिला रकान्यांबद्दल विचारत राहिले, तिनं रकान्यांबद्दल उत्तरं दिली.

जूनमध्ये दुसरी यादी लागली. पतियाळा.

पाटणा ओलांडून थेट दोन पायऱ्या वर. माझ्या हिशेबानं नफा.

मी वेबसाइटवर तास घालवला. मदतीच्या नंबरवर फोन केला, समोरचा मुलगा नम्र होता, त्यानं तेच वाक्य मला परत वाचून दाखवलं. चूक कुणाचीही नव्हती. यंत्रानं अक्षरशः आम्ही लिहिलं तेच केलं. रात्री ह्यांनी विचारलं, “आता?” मी म्हटलं, “आता फ्रीझ.” ते काही बोलले नाहीत. मिरामारचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, हे मला टोचलं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

बाय अंगणात होती. मी गेले तर म्हणाली, “अगं, ठीक आहे. पंजाबात तरी मी कधी गेलेय?” मग थोड्या वेळानं, “पण आई, पुढच्या वेळी काही भरायचं असेल तर रकाने मी घालीन.”

बाकीचं लवकर सांगते, कारण त्यात विशेष काही नाही. कागदपत्रं. दहावीची, बारावीची, शाळा सोडल्याचा दाखला, प्रत्येकाच्या चार चार झेरॉक्स. फीसाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाचा अर्ज. त्यासाठी परत तो पंधरा वर्षांचा दाखला. मामलेदार कचेरीच्या बाकावर मी दोन सकाळी बसले. त्याच बाकावर सासरे मुंडकारीच्या तारखेला बसायचे असं आजी सांगते. बाक बदललेला असणार. पण मला तोच वाटला.

मडगाव ते चंदीगड गोवा संपर्क क्रांती जाते, तिनं गेलो. घरून मडगाव स्टेशनला जाताना बोरीच्या पुलाखालून झुवारी भरून वाहत होती, बायनं काच खाली घेतली आणि पावसात हात बाहेर काढला. हे ओरडले. मी ओरडले नाही. मग दीड दिवस रेल्वे. कोंकण संपलं, मग सपाट, मग आणखी सपाट. चंदीगडहून बसनं पतियाळा. वसतिगृहाच्या खोलीत ती, एक लुधियानाची आणि एक मणिपूरची. मणिपूरच्या मुलीनं पहिल्या दहा मिनिटांत विचारलं, “गोव्यात म्हणे सगळ्यांना एकच कायदा?” बायचा चेहरा उजळला. तिला पहिल्याच दिवशी श्रोता मिळाला. 2019 साली सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात गोव्याचं उदाहरण दिलं होतं, ते तिला तोंडपाठ होतं. तिनं पोर्तुगीज कायदा, वाटा, इन्व्हेंटरी सगळं सांगितलं, आणि मग म्हणाली, “पण एकदम सगळ्यांना एकच असं नाही हं, त्यातही अपवाद आहेत.” मी गाद्यांवर चादरी घालत होते. हे खिडकीचा स्विच तपासत होते.

फोनवर ती बरी असते. राजमा आवडतो, थंडी नाही आवडत. मराठी बोलायला तिथं कोणी नाही, म्हणून ती मला लांब व्हॉइस मेसेज पाठवते, शिव्यांसकट. कोचीचं नाव घरात निघतं. तिथल्या एका मुलीशी तिची कुठल्याशा स्पर्धेत ओळख झाली आहे. त्या मुलीची पहिली पसंती पतियाळा होती म्हणे. हे तिनं मला हसत सांगितलं. मला तितकंसं हसू आलं नाही.

पुढच्या डिसेंबरात वाड्यातली एक बाई आपल्या मुलाची यादी भरायला माझ्याकडे आली होती. माझं एक्सेल मागायला. मी दिलं नाही. मुलाला विचारा म्हटलं, तिला वाटलं मी आखडू आहे.

दिवाळीला बाय आली होती. नरकासुराच्या रात्री रस्त्यांवर एवढा दणदणाट की पहाटेपर्यंत कोणी झोपलं नाही. सकाळी अभ्यंगस्नान, कारीट फोडणं, मग फोव, म्हणजे पोहे. गुळाचे, दह्याचे, रोसाचे, ताकातले. आजीनं तिच्या ताटलीत चारही प्रकार वाढले आणि फळीवरून ती लाल फाईल खाली काढली. चवथ नाही, सफाई नाही, नुसती काढली.

बायनं हात पुसले. गाठ सोडली. आमच्या घरात ती गाठ मी कधी सुटलेली बघितली नव्हती. ती वाचत गेली, पान पान, फोव गार झाले. हे दारात उभे. आजी तिच्या तोंडाकडे बघत होती, जशी निकालाच्या दिवशी मी बघत होते.

“आजी, मला अजून यातलं फार कळत नाही हं,” बाय म्हणाली. “पहिल्या वर्षाला करार शिकवतात नि टॉर्ट. पण हे बघ. इथं नोटीस बजावल्याची पावती पाहिजे होती. मुंबईवाल्या वारसाची. पान बावीस, मग एकदम पंचवीस.”

आजीनं माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे. ह्यांनी खिशातून फोन काढला आणि कचेरी सणानंतर कधी उघडते ते बघायला लागले.